बटू दीर्घिकेतले तारे कशाचे बनलेत? वर्णपटातून रसायन वाचण्याची पद्धत, पायरीपायरीने

एखाद्या ताऱ्यात लोह किती, मॅग्नेशियम किती, हे काढणं वाटतं तितकं गूढ नाही. चांगला वर्णपट (ताऱ्याच्या प्रकाशाचा रंगांनुसार पसरलेला पट्टा), ताऱ्याच्या तापमानाचा नीट अंदाज आणि त्या पट्ट्यात मूलद्रव्यांनी प्रकाश शोषून उमटवलेल्या काळ्या रेषा मोजत बसायची चिकाटी असली की आकडा निघतो. खरा कस लागतो तो त्या आकड्याचा अर्थ लावताना. एकटा तारा फार काही सांगत नाही. पण एकाच दीर्घिकेतले पन्नास-शंभर तारे एका आलेखावर मांडले, की त्या दीर्घिकेत तारे किती वेगाने जन्मले, वायू केव्हा संपत आला, कोणत्या प्रकारचे स्फोट आधी झाले आणि कोणते नंतर, हे सगळं उलगडायला लागतं.

यासाठी बटू दीर्घिकांसारखी दुसरी जागा नाही. आपल्या आकाशगंगेत इतक्या पिढ्या आणि इतक्या ठिकाणचे तारे मिसळले आहेत की धागे सुटे करता करता आयुष्य जातं. बटू दीर्घिका मात्र लहान आणि अंतर्मुख. एखाद्या छोट्या घराची जमाखर्चाची वही जशी पहिल्या पानापासून वाचता येते, तशी ही वाचता येते.

पुढची पद्धत महाविद्यालयीन भौतिकशास्त्राचा पाया असलेल्या आणि थोडंफार पायथॉन येणाऱ्या कुणालाही जमेल. दुर्बीण लागत नाही. खुल्या माहितीसाठ्यात वर्षांनुवर्षांचे वर्णपट पडून आहेत. एक शब्द आधीच सांगून ठेवते: खगोलशास्त्रात हायड्रोजन आणि हेलियम वगळता बाकी सगळ्या मूलद्रव्यांना सरसकट ‘धातू’ म्हणतात. ऑक्सिजनसुद्धा धातूच.

आधी दीर्घिका निवडा

पहिल्यांदाच करत असाल तर शिल्पकार तारकासमूहातली ‘स्कल्प्टर’ बटू दीर्घिका घ्या. हार्लो शॅप्ली यांनी १९३८ मध्ये तिचा शोध जाहीर केला. अंतर सुमारे २.८ लाख प्रकाशवर्षं. तिच्यावर इतकं काम झालंय की आपलं उत्तर पडताळून पाहायला भरपूर आधार मिळतो.

या अंतरावर सूर्य नेऊन ठेवला तर तो साधारण साडेचोविसाव्या प्रतीचा दिसेल (प्रतीचा आकडा जितका मोठा, तितका तारा अंधुक). त्याचा तपशीलवार वर्णपट घेणं आजच्या मोठ्या दुर्बिणींनाही परवडत नाही. म्हणून आपण फक्त तांबडे राक्षसी तारे पाहतो. त्यातले सगळ्यात तेजस्वी सतराव्या प्रतीच्या आसपास असतात आणि ८ ते १० मीटरच्या दुर्बिणींच्या आवाक्यात येतात. ही अडचण पुढे प्रत्येक टप्प्यावर आठवावी लागते: आपण दीर्घिकेची सगळी वस्ती पाहत नाही, फक्त म्हातारपणी फुगलेले तारे पाहतो.

सेग्यू-१ किंवा रेटिक्युलम-२ यांसारख्या अतिमंद बटू दीर्घिका मोह घालतात, पण तिथे मोजण्याजोगे तेजस्वी तारे बोटांवर मोजण्याइतके. हात बसल्यावर तिकडे वळा.

तारा तिथलाच आहे ना?

ही पायरी घाईत उरकू नका. आपण दीर्घिकेकडे पाहतो ते आकाशगंगेच्या ताऱ्यांच्या पडद्याआडून. दिशा एकच म्हणून तारा तिथलाच असं होत नाही.

ताऱ्यांच्या जागा आणि गती मोजणाऱ्या गाया उपग्रहाच्या तिसऱ्या माहितीसंचातून (२०२२) त्या भागातले तारे उतरवून घ्या आणि चार गोष्टी पाहा. पहिली, निजगती: स्कल्प्टरचे तारे आकाशात वर्षाला विकलेच्या हजाराव्या भागाचा पाचवा हिस्साही सरकत नाहीत. दुसरी, पराशय, म्हणजे पृथ्वी सूर्याभोवती फिरताना ताऱ्याची जागा सरकल्यासारखी दिसते तो कोन: या अंतरावर तो व्यवहारात शून्यच यायला हवा. तिसरी, रंग आणि तेज यांच्या आलेखावरची जागा: तारा राक्षसी ताऱ्यांच्या शाखेवर बसायला हवा. चौथी, अरीय वेग: स्कल्प्टरचे तारे आपल्यापासून सरासरी ११० किलोमीटर प्रति सेकंद वेगाने दूर जातात आणि एकमेकांत जेमतेम दहाएक किलोमीटरचा फरक दाखवतात.

माझ्या पहिल्या यादीत एक तारा होता. वेग अगदी जुळत होता, म्हणून बाकीचं पाहिलंच नाही. त्यात मॅग्नेशियम इतकं जास्त येत होतं की काहीतरी मोठं सापडलं असं वाटून मी आठवडाभर त्याच्यामागे होते. शेवटी मॅग्नेशियमच्या ५१६७, ५१७३ आणि ५१८४ अँगस्ट्रॉमवरच्या तीन रेषा मोठ्या करून पाहिल्या. त्यांच्या दोन्ही बाजूंना रुंद पंख पसरलेले होते. राक्षसी ताऱ्याच्या विरळ वातावरणात असे पंख तयार होत नाहीत; त्याला दाब लागतो. तो जवळचा, आपल्याच आकाशगंगेतला, न फुगलेला साधा बटू तारा होता. पराशय तपासला असता तर एका मिनिटात कळलं असतं. तेव्हापासून चारही चाचण्या पार केल्याशिवाय एकही तारा माझ्या आलेखावर चढत नाही.

वर्णपट कुठून घ्यायचा

युरोपियन सदर्न ऑब्झर्व्हेटरीच्या साठ्यात चिलीतल्या पारानाल इथल्या ८.२ मीटरच्या दुर्बिणींचे वर्णपट आहेत. ‘फ्लेम्स’ हे उपकरण एका वेळी शंभराहून जास्त ताऱ्यांचे वर्णपट घेतं, आणि स्कल्प्टरवर त्याने घेतलेलं काम पायाभूत मानलं जातं. हवाईतल्या केक दुर्बिणींचा साठाही खुला आहे. ‘अपोजी’ सर्वेक्षणात तर तयार प्रमाणांसकट अवरक्त वर्णपट मिळतात. त्यात बटू दीर्घिकांचे तारेही आहेत. मात्र अपोजीची स्वयंचलित प्रणाली सूर्याच्या सुमारे ३०० व्या हिश्श्याहून कमी लोह असलेल्या ताऱ्यांपर्यंत पोचत नाही. बटू दीर्घिकांत नेमके असे तारे महत्त्वाचे असतात, तेव्हा तिथल्या कडेवरच्या आकड्यांवर विसंबू नका.

वर्णपट निवडताना विभेदन पाहा. विभेदन २०,००० म्हणजे ५००० अँगस्ट्रॉमजवळ पाव अँगस्ट्रॉम अंतरावरच्या दोन रेषा वेगळ्या दिसतात. एकेक रेषा मोजायची तर याहून कमी नको. कमी विभेदनाचा वर्णपट टाकाऊ असतो असं मुळीच नाही. इव्हान कर्बी आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये मध्यम विभेदनाच्या वर्णपटांतून आठ बटू दीर्घिकांतल्या २,९६१ ताऱ्यांची प्रमाणं काढली. तिथे सुटी रेषा न मोजता वर्णपटाचा मोठा पट्टाच गणिती नमुन्याशी जुळवतात.

साफसफाई

ताऱ्याच्या वेगामुळे सगळा वर्णपट सरकलेला असतो. ११० किलोमीटर प्रति सेकंद म्हणजे ५००० अँगस्ट्रॉमला सुमारे १.८ अँगस्ट्रॉमची सरक. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटर वेगाने फिरते, तेही वजा करा. नाहीतर लोहाची म्हणून भलतीच रेषा मोजाल.

मग सलग पातळी बसवायची, म्हणजे रेषा नसत्या तर वर्णपटाची उंची किती असती ती रेघ ओढायची. सगळ्यात जास्त चुका इथे होतात. थंड ताऱ्यात निळ्या भागात रेषांची इतकी दाटी असते की रिकामी जागाच सापडत नाही, आणि रेघ नकळत खाली ओढली जाते. रेघ एक-दोन टक्के खाली गेली तरी बारीक रेषा अर्ध्यावर येऊ शकते. शक्य तेवढं ५३०० अँगस्ट्रॉमच्या पुढे, तांबड्या बाजूला काम करा.

ऑक्सिजनच्या ६३०० अँगस्ट्रॉमजवळच्या रेषेसाठी वेगळी सावधगिरी. पृथ्वीच्या वातावरणातला ऑक्सिजन तिथेच चमकतो आणि त्याच परिसरात प्रकाश शोषूनही घेतो. ताऱ्याची रेषा सरकून नेमकी कुठे पडते हे त्या रात्रीच्या वेगानुसार काढा. दोन्ही एकमेकांवर आल्या तर ती मोजू नका.

तापमान आणि गुरुत्व

रेषेची जाडी फक्त मूलद्रव्याच्या प्रमाणावर ठरत नाही. ताऱ्याचं तापमान बदललं की अणूंची विभागणी बदलते: किती उदासीन, किती आयनित. हे गणित मेघनाद साहा यांनी १९२० मध्ये मांडलं. त्याच्याच बळावर सेसिलिया पेन यांनी १९२५ मध्ये दाखवलं की ताऱ्यांच्या वर्णपटांतली विविधता मुख्यतः तापमानाची आहे आणि तारे प्रामुख्याने हायड्रोजनचे आहेत. आजही आपण तेच समीकरण वापरतो.

तापमान रंगावरून काढा. आपले राक्षसी तारे साधारण ४००० ते ५००० केल्विनमध्ये येतात. तापमानात १०० केल्विनची चूक झाली की लोहाचं प्रमाण लॉग मापावर साधारण ०.१ ने हलतं.

ताऱ्याच्या पृष्ठभागावरच्या गुरुत्वाच्या बाबतीत बटू दीर्घिका आपल्यावर मेहेरबान आहे. तिथले सगळे तारे जवळपास सारख्याच अंतरावर असतात, त्यामुळे ताऱ्याचं खरं तेज थेट मिळतं. सूत्र असं:

लॉग गुरुत्व = ४.४४ + लॉग(वस्तुमान) + ४ × लॉग(तापमान ÷ ५७७२) + ०.४ × (सर्व तरंगलांबी धरून निरपेक्ष प्रत − ४.७४)

वस्तुमान सूर्याच्या पटीत. निरपेक्ष प्रत म्हणजे ठरावीक अंतरावर ठेवल्यास ताऱ्याची जी प्रत दिसेल ती, अर्थात त्याचं खरं तेज. म्हाताऱ्या राक्षसी ताऱ्याला ०.८ धरा. तापमान ४४०० केल्विन आणि निरपेक्ष प्रत −२.० असेल तर: ४.४४ − ०.१० − ०.४७ − २.७० = १.१७. म्हणजे पृष्ठभागावरचं गुरुत्व सूर्याच्या सुमारे १८०० पट कमी. दीर्घिकेच्या अंतरात १० टक्के चूक झाली तरी हा आकडा फक्त ०.०८ ने बदलतो.

अनेक जुन्या लेखांत उदासीन आणि आयनित लोहाचं प्रमाण सारखं येईपर्यंत गुरुत्व बदलत नेतात. धातू कमी असलेल्या राक्षसी ताऱ्यांत ती युक्ती फसवते. तिथे ताऱ्याचा स्वतःचा अतिनील प्रकाश उदासीन लोह कमी करतो, साधं गणित ते धरत नाही, आणि गुरुत्व खोटं कमी येतं. अंतरावरून काढलेलं गुरुत्वच धरा. उदासीन लोहाच्या रेषा मात्र तापमान पडताळायला वापरा: कमी ऊर्जेच्या आणि जास्त ऊर्जेच्या पातळ्यांवरून निघणाऱ्या रेषांतून लोह सारखंच यायला हवं. आलेखाला ठळक उतार दिसला तर तापमानाकडे पुन्हा पाहा. तसंच बारीक आणि जाड रेषांतून वेगवेगळं लोह येत असेल तर वातावरणातल्या सूक्ष्म खळबळीचा आकडा बदला. राक्षसी ताऱ्यांत तो सेकंदाला दोन किलोमीटरच्या आसपास असतो.

रेषेतून प्रमाण

रेषेने जेवढा प्रकाश खाल्ला, तेवढ्याच क्षेत्रफळाची, वरपासून तळापर्यंत पूर्ण काळी पट्टी कल्पनेत काढा. तिची रुंदी म्हणजे समतुल्य रुंदी. बारीक रेषेत अणू दुप्पट झाले की ही रुंदीही दुप्पट होते. रेषा जाड झाली की ती संपृक्त होते: अणू कितीही वाढवा, रुंदी फारशी हलत नाही. म्हणून सुमारे १०० मिलिअँगस्ट्रॉमपर्यंतच्या रेषा घ्या आणि त्याहून जाड रेषांवर भिस्त ठेवू नका. बेरियमच्या रेषा या बाबतीत फार दगा देतात.

गणितासाठी मार्क्स किंवा कुरुझ यांची वातावरणाची प्रतिमानं, व्हाल्ड या साठ्यातली रेषांची यादी, आणि मूग किंवा टर्बोस्पेक्ट्रम ही प्रणाली लागते. पायथॉनमधून सगळं एकत्र चालवायचं तर आयस्पेक सोपं पडतं.

पण स्कल्प्टरच्या ताऱ्याला हात लावण्याआधी हीच सगळी साखळी स्वाती ताऱ्यावर चालवा. स्वाती जवळचा, तेजस्वी, राक्षसी तारा आहे आणि त्याचा अतिशय स्वच्छ वर्णपट खुला उपलब्ध आहे. तापमान सुमारे ४२९० केल्विन, लॉग गुरुत्व सुमारे १.७, आणि लोह लॉग मापावर सूर्यापेक्षा ०.५ ने कमी यायला हवं. तुमचं उत्तर −०.२ किंवा −०.९ आलं तर चूक तुमच्या साखळीत आहे, आणि ती याच वेळी सापडलेली बरी.

आता आकड्यांची भाषा. हायड्रोजनचे एक लाख कोटी अणू धरले तर अमुक मूलद्रव्याचे किती, त्याचा लॉग घेतात. सूर्यासाठी लोह ७.५०, मॅग्नेशियम ७.६०, युरोपियम ०.५२. युरोपियमचा आकडा जरा उलगडून पाहा: हायड्रोजनच्या एक लाख कोटी अणूंमागे युरोपियमचे जेमतेम सव्वातीन अणू! तरीही त्यांची रेषा ताऱ्याच्या प्रकाशात दिसते. इतक्या वर्षांनीही मला याचं नवल वाटतं.

समजा तुमच्या ताऱ्यात लोह ५.५० आणि मॅग्नेशियम ६.०० आलं. मग [लोह/हायड्रोजन] = ५.५० − ७.५० = −२.०, म्हणजे सूर्याच्या शंभराव्या हिश्श्याइतकं लोह. [मॅग्नेशियम/हायड्रोजन] = −१.६. दोन्हींची वजाबाकी केली की [मॅग्नेशियम/लोह] = +०.४, म्हणजे लोहामागे मॅग्नेशियम सूर्याच्या अडीचपट. या शेवटच्या गुणोत्तरातच गोष्ट दडलेली असते. दुसऱ्या कुणाचे आकडे शेजारी ठेवताना त्यांनी सूर्याचा कोणता आकडा धरला ते पाहून घ्या. निव्वळ त्या फरकानेही आलेखात खोटी पायरी दिसू शकते.

कार्बनबद्दल एक ताकीद. तारा राक्षसी अवस्थेत वर चढतो तसा आतला माल ढवळून पृष्ठभागावर येतो. कार्बन घटतो, नायट्रोजन वाढतो. तो आकडा जन्मवेळचा नसतो. लोह, मॅग्नेशियम, कॅल्शियम यांना हा धोका नाही.

गुडघा

आडव्या अक्षावर [लोह/हायड्रोजन], उभ्या अक्षावर [मॅग्नेशियम/लोह] मांडा. डावीकडून सुरुवातीला ठिपके +०.४ च्या आसपास आडवे चालतात. मग एका ठिकाणी वाकतात आणि खाली उतरू लागतात. या वाकण्याला ‘गुडघा’ म्हणतात.

कारण दोन प्रकारच्या स्फोटांच्या वेळेत आहे. सूर्याच्या आठपटींहून जड तारे जास्तीत जास्त चारेक कोटी वर्षांत स्फोट होऊन संपतात, आणि ऑक्सिजन, मॅग्नेशियम, सिलिकॉन, कॅल्शियम भरपूर उधळतात. दुसरे स्फोट श्वेत बटूंचे, म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्यांच्या उरलेल्या घट्ट गाभ्यांचे. त्यांना आधी तारा म्हातारा होऊन श्वेत बटू व्हावा लागतो, मग जोडीदाराची साथ लागते. कुणाला दहा कोटी वर्षं लागतात, कुणाला शेकडो कोटी. हे स्फोट मुख्यतः लोह देतात, मॅग्नेशियम जवळपास नाहीच. ते सुरू झाले की लोह वाढतं आणि गुणोत्तर घसरतं. बीट्रिस टिन्सली यांनी १९७९ मध्ये हा विचार स्पष्टपणे मांडला.

म्हणजे गुडघा हे घड्याळ आहे. श्वेत बटूंचे स्फोट सगळीकडे साधारण तेवढ्याच उशिराने सुरू होतात. प्रश्न असा, की तोवर दीर्घिकेने किती लोह साठवलं होतं? आकाशगंगेत गुडघा −१.० जवळ आहे: सूर्याच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत मजल गेली होती. स्कल्प्टरमध्ये तो −१.८ जवळ, म्हणजे जेमतेम साठाव्या हिश्श्यावर. तिथे तारे संथपणे जन्मत होते आणि लहान गुरुत्वामुळे स्फोटांबरोबर वायू निसटून जात होता. आपल्याच हाताने मोजलेल्या ठिपक्यांत हे वळण उमटताना पाहणं, माझ्या मते, या सगळ्या खटाटोपाचं मोल आहे.

याच आलेखाने एक मोठी समजूत सुधारली. आकाशगंगेभोवतीचं विरळ ताऱ्यांचं तेजोवलय आजच्यासारख्या बटू दीर्घिका गिळून तयार झालं असावं, असं वाटत होतं. मॅथ्यू शेट्रोन आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये केक दुर्बिणीने कालेय, ध्रुवमत्स्य आणि षष्ठक या तारकासमूहांतल्या बटू दीर्घिकांचे तारे मोजले, तेव्हा सारख्याच लोहाला तिथलं गुणोत्तर वलयातल्या बहुतेक ताऱ्यांहून कमी निघालं. वलयाचा मोठा भाग याहून वजनदार, लवकर गिळलेल्या दीर्घिकेतून आला असावा. गायाच्या माहितीतून २०१८ मध्ये तशा एका दीर्घिकेचे अवशेष ओळखता आले. तिला गाया-एन्सेलाडस म्हणतात.

गुडघ्याची जागा ठरवताना डोळ्यांवर विसंबू नका. दोन सरळ रेघांचं प्रतिमान बसवा आणि प्रत्येक ताऱ्याची त्रुटी धरा. −२.५ च्या डावीकडे पुरेसे तारे नसतील तर गुडघा ‘दिसला’ असं लिहू नका.

जड मूलद्रव्यं आणि न दिसलेली रेषा

लोहाहून जड मूलद्रव्यं मुख्यतः अणुकेंद्रांनी न्यूट्रॉन शोषून बनतात. बेरियम बरंचसं मध्यम वजनाच्या म्हाताऱ्या ताऱ्यांत सावकाश तयार होतं. युरोपियम जवळजवळ सगळं एखाद्या झपाट्याच्या घटनेत. म्हणून दोघांचं गुणोत्तर पाहतात. [बेरियम/युरोपियम] −०.८ च्या आसपास असेल तर माल निव्वळ झपाट्याच्या प्रक्रियेचा. ते शून्याकडे चढत गेलं की सावकाश प्रक्रियेची भर पडली.

युरोपियमची ४१२९ अँगस्ट्रॉमची रेषा समतुल्य रुंदीने मोजू नका. युरोपियमचे दोन समस्थानिक आहेत आणि अणुकेंद्रामुळे रेषा अनेक बारीक घटकांत फुटलेली असते. शेजारच्या रेषांसकट पूर्ण तुकडा गणिताने तयार करा, युरोपियम कमी-जास्त करत तीन-चार वक्र काढा, आणि खऱ्या वर्णपटावर ठेवून पाहा. कोणता वक्र बसतो ते डोळ्यांना लगेच कळतं. ६६४५ अँगस्ट्रॉमची रेषा बारीक आहे, पण आजूबाजूला गर्दी कमी. दोन्ही जुळल्या तरच आकडा पक्का धरा.

रेटिक्युलम-२ मध्ये याच रेषांनी मोठी गोष्ट उघड केली. ही दीर्घिका २०१५ मध्ये सापडली. २०१६ मध्ये अलेक्झांडर जी, ॲना फ्रेबेल आणि सहकाऱ्यांनी मॅगेलन दुर्बिणीने तिथले नऊ तेजस्वी तारे मोजले. त्यातल्या सात ताऱ्यांत लोहामागे युरोपियम सूर्याच्या सुमारे ५० पट होतं, तर इतर अतिमंद दीर्घिकांत अशा मूलद्रव्यांचा दुष्काळ. एवढ्याशा दीर्घिकेत एकच दुर्मीळ घटना सगळा वायू बदलून गेली असणार. न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर हे त्याचं ठळक स्पष्टीकरण. १७ ऑगस्ट २०१७ ला गुरुत्वीय लहरी आणि प्रकाश या दोन्हींतून तशी एक टक्कर प्रत्यक्ष पाहिली गेली आणि तिथे जड मूलद्रव्यं बनतात याचा पुरावा मिळाला.

उरलेल्या दोन ताऱ्यांकडेही तितक्याच काळजीने पाहा. त्यांच्यात युरोपियमची रेषा दिसली नाही. अशा ताऱ्यापुढे तक्त्यात शून्य लिहू नका आणि तो गाळूही नका. वर्णपटातला गोंगाट मोजा, त्या गोंगाटात लपू शकेल अशी जास्तीत जास्त जाड रेषा किती ते ठरवा, आणि तिच्यावरून वरची मर्यादा काढा. आलेखावर तिथे ठिपक्याऐवजी खाली रोखलेला बाण येतो. सात ठिपके वर आणि दोन बाण खाली असं ते चित्र आहे, आणि ‘घटना घडण्याआधी इथे काही तारे जन्मले होते का’ हा प्रश्न त्या दोन बाणांमुळेच विचारता येतो.